ओल्या वाळूतला अंगठा

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे मालवणात पाऊस थांबला आणि सहाच्या सुमाराला आम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावर पोचलो. उधाणाचे दिवस, त्यामुळे सुकतीही तशीच लांबवर गेलेली. ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यावर चालताना पाऊल जेमतेम उमटत होतं. भाचीने खांद्यावरची बॅग उतरवली, मापाची टेप काढली आणि टाचेने रेघ ओढली. ही बेसलाइन. तिथून ११.८८ मीटरवर दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये नायलॉनची दोरी ताणली. मध्यभागी जमिनीपासून ९१.४ सेंटिमीटर, हे तिने दोनदा मोजलं. दोरीला आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, चेंडू वरून गेला की खालून ते कळावं म्हणून. दोरीपलीकडे ६.४० मीटरवर आणखी एक रेघ, ती सर्व्हिस लाइन. मग तिने चेंडूंची पिशवी पायाशी ओतली.

ती सोळा वर्षांची आहे. पुण्यात टेनिस खेळते, चार दिवसांसाठी आजोळी आली आहे, आणि चार दिवस सर्व्ह सोडायची तिची तयारी नाही. गेले सहा महिने तिचं एकच दुखणं आहे. सर्व्ह पडते, पण तिच्यात जोर नाही. समोरची मुलगी एक पाऊल पुढे येऊन ती परतवते आणि पॉइंट तिथेच हातातून जातो.

आषाढात हा लेख मागायला संपादकांचा फोन आला होता. अंकाचा विषय ‘जोर’. विषय ऐकल्यावर कुस्तीचे आखाडे डोळ्यांपुढे आले, रापणीचं जाळं ओढणारी माणसं आली, आणि मग आपोआप हात उजव्या खांद्यावर गेला. तो खांदा पंचवीस वर्षांपूर्वी सर्व्हच्या पायीच दुखावलेला आहे. तेव्हाच ठरवलं की लिहायचं तर टेनिसच्या सर्व्हवर लिहायचं. जोर नेमका कुठून येतो, हे एकदा नीट पाहायचं.

पहिले दहा-बारा चेंडू गेले. ओल्या वाळूवर चेंडू उसळत नाही, जिथे पडेल तिथे वाटीच्या बुडाएवढा गोल खळगा करून थांबतो. त्यामुळे कोर्टावर जे क्षणात पुसलं जातं ते इथे लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. पाच खळगे चौकोनात होते, तीन रेघेबाहेर, बाकीचे चेंडू दोरीखालून गेलेले. मी फोनवर चित्रीकरण करत होते. तेवढ्यात शेजारचे आबा आले. सत्तरी ओलांडलेले, जातिवंत गाबीत मच्छीमार, खांद्यावर पाग. कोळंबच्या खाडीकडे निघाले होते, आम्हांला पाहून थांबले. दोन-तीन सर्व्ह त्यांनी गप्प राहून पाहिल्या. मग चेंडूकडे न बघता ती उभी होती तिथल्या वाळूकडे बघायला लागले.

“हातान मारतंस गो, चेडवा. पाय खय गेले तुजे?”

ती थांबली. आबांनी पायाने जागा दाखवली. “हय बघ. मागचो पाय रुतलो हा. पुढचो नुसतो टेकलो हा. अंगठो खय दिसता?”

खरंच दिसत नव्हता. डाव्या पावलाची टाच होती, चवडा पुसट होता, अंगठ्याच्या जागी वाळू सपाट.

दोरीवरची वीतभर जागा

जोराबद्दल बोलण्याआधी सर्व्ह नावाच्या प्रकाराची अडचण सांगितली पाहिजे. टेनिसमधला हा एकच फटका असा आहे की त्यात समोरच्याचा काही हात नसतो. चेंडू तुमचा, वेळ तुमची. तरीही बहुतेक मुलांना तोच सगळ्यांत उशिरा येतो, कारण चेंडू वरून खाली मारायचा असतो आणि मध्ये जाळी असते.

एक साधा हिशेब मी वहीत करून पाहिला. बेसलाइनवरून चेंडू अगदी सरळ रेषेत गेला, गुरुत्वाकर्षण नाहीच असं धरलं, तर जाळीच्या मध्याला चाटून सर्व्हिस लाइनवर पडायला तो साधारण २.६१ मीटर उंचीवर मारावा लागेल. साडेआठ फुटांहून थोडं जास्त. साडेपाच फुटांच्या आतल्या मुलीची रॅकेट, पूर्ण ताणून आणि थोडी उडी घेऊनही, अडीच मीटरच्या आसपास पोचते. म्हणजे तिला तोफेचा गोळा मारता येणारच नाही. तिचा चेंडू वाटेत खाली यावा लागतो, आणि तो येतो म्हणूनच खेळ चालतो.

आता वेग घालून बघू. चेंडू अडीच मीटरवर मारला, हवेचा अडथळा आणि फिरकी सोडून दिली, आणि तो सर्व्हिस लाइनवरच पडायचा असं ठरवलं. ताशी १३० किलोमीटर वेग असेल तर तो जाळीच्या साधारण २५ सेंटिमीटर वरून जातो. १६० असेल तर १५ सेंटिमीटर. १८० असेल तर ११. वेग वाढत जातो तशी ती वीतभर जागा चार बोटांकडे सरकते. म्हणून नुसतं “जोरात मार” म्हणणं हा अर्धाच सल्ला आहे. जोर वाढवायचा असेल तर चेंडू अधिक उंचावर गाठायला हवा, किंवा त्याला पुढच्या बाजूने अशी फिरकी द्यायला हवी की तो जाळीवरून गेल्यावर खाली ओढला जाईल. दोन्हींसाठी शरीर वर जावं लागतं. सर्व्ह म्हणजे पुढे मारायचा फटका, असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. मारणारीला मात्र वर चढायचं असतं.

उंचीचा फायदा किती, ते महाराष्ट्राने घरच्या अंगणात पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोव्हिच समोरासमोर होते. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा इंच. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले, ७-६, ६-७, ७-६, आणि अँडरसन जिंकला. कार्लोव्हिच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. त्या वयात पाय मंदावलेले असतानाही सर्व्हने त्याला अंतिम फेरीपर्यंत आणलं होतं. त्याच्या उंचीवरून जाळीपलीकडचा चौकोन मोकळ्या अंगणासारखा दिसत असणार. आपल्या मुलामुलींना तो चौकोन दाराच्या फटीएवढा दिसतो. त्यांना दुसरा रस्ता शोधायलाच लागतो.

माझा खांदा

मला तो रस्ता कोणी दाखवला नाही. मी कॉलेजात असताना ज्यांच्याकडे शिकत होते ते गृहस्थ मनाने चांगले होते, पण सर्व्हबद्दल त्यांच्याकडे दोनच सूचना होत्या. “रॅकेट पाठीमागे नेऊन पाठ खाजव” आणि “आता सगळी ताकद लाव.” मी रॅकेट पाठीमागे नेत असे, तिथे क्षणभर थांबत असे आणि मग थांबलेल्या हाताला एकट्याने चेंडू मारायला लावत असे. एका हिवाळ्यात रोज दीडशे-दोनशे सर्व्ह मारल्या. फेब्रुवारीत केस विंचरताना हात वर जाईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीनंतर मी परत तशीच मारायला लागले, आणि वर्षभरात स्पर्धेचं टेनिस सुटलं.

त्या वेळी मला ठाऊक नव्हतं ते आता कोणत्याही जिज्ञासू प्रशिक्षकाला ठाऊक असतं. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद बेन किबलर यांनी १९९० च्या दशकात सर्व्हमधल्या ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यांच्या मते एकूण ऊर्जेपैकी निम्मी, म्हणजे सुमारे ५१ टक्के, पाय, नितंब आणि धड मिळून तयार करतात. खांद्याचा वाटा त्यात फार थोडा. त्याच काळात ऑस्ट्रेलियात पर्थला ब्रूस एलियट आणि त्यांचे सहकारी दुसरी बाजू मोजत होते. चेंडूला लागताना रॅकेटला जो पुढचा वेग असतो, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा दंडाच्या खांद्यातल्या आतल्या बाजूला फिरण्याने येतो, असं त्यांना १९९५ मध्ये दिसलं.

ही दोन विधानं पहिल्यांदा वाचली तेव्हा मी गोंधळले. निम्मा जोर पायांचा म्हणायचा की खांद्याचा? मग लक्षात आलं की दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. एकाने विहीर मोजली आहे, दुसऱ्याने नळ. पाणी खालून येतं आणि वेग तोटीशी दिसतो. गुडघे वाकतात, पाय जमिनीला रेटतात, जमीन उलट रेटते. तो रेटा कमरेला फिरवतो. कंबर फिरायला लागली तरी छाती अजून मागेच असते, त्यामुळे मधले स्नायू पिळाच्या दोरीसारखे ताणले जातात. मग छाती फिरते आणि कंबर थबकते. मग दंड, मग कोपर, मग पुढचा हात. प्रत्येक मोठा भाग थांबताना आपला वेग पुढच्या लहान भागाला देऊन जातो. लहान भागाचं वजन कमी, म्हणून तो अधिक वेगाने पळतो. आसुडाचं टोक वाजतं ते याच कारणाने.

किती वेगाने? २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष सामन्यांतल्या सर्व्ह टिपून त्यांचा अभ्यास झाला होता. पुरुष खेळाडूंचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे २,४०० अंशांच्या वेगाने आत फिरत होता. म्हणजे तो फिरतच राहिला तर सेकंदात साडेसहा-पावणेसात वेढे. अर्थात तो फिरत राहत नाही, क्षणार्धात थांबतो, आणि त्याला थांबवणारे स्नायू खांद्याच्या मागच्या बाजूला असलेले, बोटाएवढे, दुबळे. खांदा दुखावतो तो बऱ्याचदा मारताना नव्हे, मारून झाल्यावर हात थांबवताना. पायांनी दिलं नाही की जे कमी पडलं ते सगळं हात स्वतःच्या खिशातून घालतो आणि त्याची भरपाई त्या लहान स्नायूंना करावी लागते. मी पंचवीस वर्षांपूर्वी रोज दोनशे वेळा हेच करत होते.

मला याची चीड आजही येते. माहिती तेव्हाही पुण्या-मुंबईपर्यंत पोचू शकत होती. आज ती प्रत्येकाच्या फोनवर आहे, तरीही कोणत्याही मोठ्या शहरात सकाळी कोर्टाबाहेर उभं राहिलं की बारा वर्षांच्या मुलांना “ताकद लाव, ताकद लाव” म्हणून ओरडणारा एखादा आवाज ऐकू येतोच.

पाग सोडतात, फेकत नाहीत

आबांनी आम्हांला खाडीवर यायला सांगितलं. वाळूतली दोरी तशीच ठेवून आम्ही त्यांच्यामागून गेलो.

पाग म्हणजे गोल जाळं. कडेने शिशाच्या मण्यांची माळ, मध्यावर दोरी, दोरीचं टोक मनगटाला. भिजलं की चांगलं जड होतं. ते पाण्यावर गोल उघडून पडलं तर कड एकदम बुडते आणि आतली मासळी अडकते. गोल उघडलं नाही, तर पसाभर जाळं भसकन् एका जागी पडतं आणि मुडदुशी चहूबाजूंनी पळून जातात. म्हणजे इथेही नुसत्या जोराचा उपयोग नाही. जोर शिशाच्या प्रत्येक मण्यापर्यंत सारखा पोचावा लागतो.

आबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. जाळ्याचा काही भाग डाव्या कोपरावर टाकला, काही उजव्या हातात घेतला, कडेचा एक मणी दातांत धरला. पाण्यावर पाऊस तुरळक पडत होता. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग डावीकडे वळले, इतके की आम्हांला त्यांची पाठ दिसली. मी फोन धरून होते, त्यामुळे पुढचं मी नंतर दहा-बारा वेळा हळू करून पाहिलं आहे. आधी पाण्याखाली काहीतरी झालं, गुडघे उलगडले. मग कंबर उजवीकडे आली आणि जाळं अजून मागेच होतं. मग खांदे आले. हात सगळ्यांत शेवटी, आणि ते हात कशालाही ढकलत नव्हते. दातांतला मणी सुटला, कोपरावरची घडी घसरून गेली, आणि आबांचं अंग एकाएकी थांबलं. ते थांबले म्हणून जाळं गेलं. हवेत त्याची ताटली झाली आणि कड एकाच वेळी पाण्याला लागली, सर्र असा एकच आवाज.

“आबानू, जोर कधी लावतात?” मी विचारलं.

“लावूचो नसता, बाय. पाग फेकूचो नसता, सोडूचो असता. जोर लावलंस काय तो घडी होवन पडता.” मग जरा विचार करून म्हणाले, “मी कमरेतसून फिरतंय. हात मागसून येता, त्येका कोणी बोलवूक नको.”

भाची हे ऐकत पाण्यात उभी होती. संध्याकाळी तिने मला आबांचा आणि स्वतःचा व्हिडिओ शेजारी लावून दाखवला. आबांची कंबर पुढे आली तेव्हा जाळं मागे होतं. तिची कंबर, खांदा आणि रॅकेट तिन्ही एकदमच निघत होती, दार उघडावं तशी. पीळ पडतच नव्हता. दुसरी गोष्ट तिच्या आधी मला दिसली, तिचा डावा हात. टॉससाठी चेंडू वर टाकल्यावर तो हात बाजूला लोंबत राहायचा. चांगली सर्व्ह करणारी मुलं तो हात दुमडून पोटाशी घेतात. त्याने छाती थबकते आणि उजवा खांदा डाव्या खांद्याच्या वरून पुढे येतो. आबांच्या अंगाच्या त्या एकाएकी थांबण्यात जे होतं, ते इथे डाव्या हाताने करायचं असतं.

त्या पागात चार मुडदुशी आणि एक काळुंदर आलं. दुपारी जेवणात होतं.

तवा, उलथनं आणि कोयता

पावसामुळे दुपार घरात गेली, आणि घरात सर्व्हचा जो भाग शिकता येतो तो म्हणजे पकड.

नवशिकं मूल रॅकेट तव्यासारखी धरतं, तिचा सपाट चेहरा चेंडूकडे करून. त्याने चेंडू लागतो, पहिल्या दिवसापासून लागतो, म्हणून ती पकड सोडवत नाही. पण त्या पकडीत दंड आणि पुढचा हात फिरायला जागाच राहत नाही. मनगट उलथन्यासारखं पुढे मोडतं आणि तेवढ्यावर काम भागतं. सर्व्हसाठीची पकड, जिला सगळे कॉन्टिनेंटल म्हणतात, कोयत्याची आहे. माझ्या आईने मागच्या पडवीत झावळ्या तोडायचा कोयता भाचीच्या हातात दिला, आणि तिने तो जसा धरला तशीच पकड रॅकेटला हवी असते. धार पुढे. रॅकेटची कड चेंडूकडे जाते, जणू आता चेंडू चिरणार, आणि अगदी शेवटच्या क्षणी दंड आत फिरतो, पुढचा हातही भांड्यातलं पाणी ओतावं तसा वळतो, आणि कडेऐवजी जाळी चेंडूला लागते. चेंडू तारांवर राहतो तो सेकंदाचे चार-पाच हजारांश. माझा फोन सेकंदाला २४० चित्रं घेतो. त्यात चेंडू तारांना चिकटलेला दिसतो तो एकाच चित्रात, कधीकधी त्यातही नाही.

टॉसवरही त्याच दुपारी बोलणं झालं. उंच टॉस छान दिसतो, पण मारायच्या जागेच्या अर्धा मीटर वरून पडणारा चेंडू तिथे पोचतो तेव्हा सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने खाली येत असतो. रॅकेटच्या जाळीएवढं अंतर तो सेकंदाच्या दहाव्या भागात पार करतो. टॉस थोडा कमी उंच ठेवला तर चेंडू वरच्या टोकाशी रेंगाळतो आणि घाई कमी होते. पण गुडघे वाकवून पाय उलगडायला वेळही पुरला पाहिजे. हा तोल ज्याचा त्याला सापडावा लागतो. भाचीचा टॉस डोक्यामागे जात होता, त्यामुळे पुढचा पाय मोकळाच राहत होता. वाळूत अंगठा का नव्हता, त्याचं उत्तर अर्धं इथे होतं.

नाटेकर, धोंडे आणि बोर्डिंगचं मैदान

सर्व्हचं सख्खं भावंड म्हणजे बॅडमिंटनचा स्मॅश. तोच दंडाचा फिरका, तीच शेवटी वळणारी मूठ. म्हणून मला नंदू नाटेकर आठवतात. १९३३ साली सांगलीत जन्मलेले नाटेकर आधी टेनिस खेळायचे. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगर इंटरनॅशनल जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. त्यांच्या खेळाबद्दल बोलताना जुनी माणसं ताकद हा शब्द वापरत नाहीत, मनगट म्हणतात, नजाकत म्हणतात. मला वाटतं ते सगळे त्या उशिरा येणाऱ्या, सैल हाताबद्दलच बोलत असतात. त्यांचा मुलगा गौरव टेनिसकडे परतला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला.

पुण्याला भाची ज्यांच्याकडे शिकते त्या कोचबाईंकडे मी या लेखासाठी आधीच एक सकाळ घालवली होती. त्यांच्या तासाला पहिली पंधरा मिनिटं रॅकेट बॅगेतच असते. मुलं बेसलाइनवरून चेंडू हाताने फेकतात, जाळीपलीकडे, जितका लांब जाईल तितका, वरच्या दिशेने. फेकताना कोण कसं वळतं ते बाई बघतात. “ज्याला फेकता येतं त्याला सर्व्ह महिन्यात येते,” त्या म्हणाल्या. “मुलींचं अवघड होतं ते ताकदीमुळे नाही. त्यांना लहानपणी कोणी फेकूच दिलेलं नसतं.”

हे मला फार पटलं. सिडनीच्या त्याच अभ्यासात बायकांच्या दंडाचा फिरण्याचा वेग सुमारे १,३७० अंश होता, पुरुषांच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यातलं किती हाडामांसाचं आणि किती अंगणाचं, हे मी सांगू शकत नाही, पण अंगणाचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः मालवणात वाढले. वैशाखात आंबे पाडायला धोंडे मारत असू, चिंचेला मारत असू, आणि वरच्या फांदीवरचा पाड खांद्याने मारला तर पडत नाही, सगळं अंग लागतं, हे सात वर्षांच्या पोरीलाही कळायचं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या भाचीला फेकायला ना धोंडा मिळाला ना आंबा.

आणि मुलगे? त्यांना या किनाऱ्यावर चेंडू चालता येण्याआधी मिळतो. पावसाळा संपला की सिंधुदुर्गातल्या प्रत्येक मळ्यात आणि मैदानात टेनिस बॉल क्रिकेट सुरू होतं, मालवणात टोपीवाला बोर्डिंगच्या मैदानावर माणसं गर्दी करून सामने पाहतात. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा. हलका असल्यामुळे तो लेदरच्या चेंडूसारखा स्वतःच्या वजनाने जात नाही, नुसत्या हाताने टाकला तर हवेतच मरतो. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे एका टप्प्यात चेंडू टाकणारी पोरं जे करतात त्याला त्यांनी कधी नाव दिलेलं नाही. पुढचा पाय रोवतात, छाती आडवी ठेवतात, आणि मग झटक्यात फिरतात. त्यांतल्या एखाद्याच्या हातात रॅकेट दिली आणि पकड तेवढी बदलली तर काय होईल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. इथल्या मुलींच्या हातात दिली तर काय होईल, असा त्याहून अधिक येतो.

पौर्णिमेची सकाळ

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बंदरावर नारळी पौर्णिमेची गर्दी व्हायची होती. समुद्राला नारळ द्यायचा, मग बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा. माझी आई त्यात दरवर्षी जाते. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. तिचा नारळ सकाळीच निवडून झाला होता, कानाशी धरून, नखाने वाजवून. तिचं म्हणणं, मारणारीने मूठ आवळली की तिचाच फुटतो.

आम्ही सहाला परत चिवल्यावर होतो. कालच्या रेघा भरतीने नेल्या होत्या, भाचीने नव्या ओढल्या. चेंडू ओतण्याआधी तिने पंधरा-वीस चेंडू हाताने फेकले, समुद्राच्या दिशेने, आणि लाटांतून गोळा करून आणले. मग रॅकेट घेतली. टॉस हातभर पुढे. डावा हात पोटाशी. पहिले सात-आठ चेंडू कुठेही गेले, एक तर बांबूला लागला. ती वैतागली. मी काही बोलले नाही. मला त्या वयात जे कोणी करायला हवं होतं ते एवढंच होतं, की चेंडू कुठे पडला हे विचारू नये आणि पायाकडे बघावं.

मग एक सर्व्ह वेगळी वाजली. आधी रॅकेटचा ‘सूं’ आवाज डोक्यामागे येत होता, चेंडूला लागण्याआधीच सगळा वेग खर्च होत होता. आता तो पुढे, चेंडूच्या पलीकडे आला. चेंडू दोरीवरून चिंध्या न हलवता गेला आणि सर्व्हिस लाइनच्या पलीकडे वीतभर बाहेर पडला. ती डाव्या पायावर आत, रेघेपुढे येऊन उतरली होती. पूर्वी सर्व्ह करताना एक पाय जमिनीला टेकलेला असलाच पाहिजे असा नियम होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो गेला, आणि तेव्हापासून सर्व्ह करणारी माणसं अशी हवेत जातात.

मी फोनमधली चित्रं मोजली. कालच्या चांगल्या सर्व्हला चेंडू रॅकेटवरून सुटल्यापासून वाळूला लागेपर्यंत १३२ चित्रं लागली होती, सेकंदाच्या निम्म्याहून थोडा अधिक वेळ. म्हणजे वाटेतला सरासरी वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास. आजची १२६ चित्रांत पोचली. ताशी १२० च्या वर. सहा चित्रांचा फरक. बघणाऱ्याला तो दिसणार नाही, पण समोर उभ्या राहणाऱ्या मुलीला कळेल. भाचीने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः परत मोजलं, १२६ च आली.

“खांदा?” मी विचारलं.

“काहीच नाही गं मावशी. पोटऱ्या दुखतायत.”

आबा त्यांच्या वाटेने आले, पाग खांद्यावर. आज ते थांबले नाहीत, चालता चालताच बेसलाइनच्या रेघेकडे नजर टाकली आणि “आता गावलो” एवढं म्हणून पुढे गेले. मी वाकून पाहिलं. डाव्या पावलाची टाच जवळजवळ उमटलीच नव्हती. चवडा खोल गेला होता, आणि अंगठ्याच्या जागी वाळू पिळून बाहेर पडून तिथे बोटभर खळगा झाला होता. त्यात खालून पाणी भरत होतं. भाचीने त्या खळग्याशेजारी नवी रेघ ओढली आणि पिशवीतला पुढचा चेंडू घेतला.